सात कोर्सचा अबोला

नवरा-बायकोच्या अबोल्याचे किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या सिंगापूरच्या ग्रुपमध्ये तर फारच साठले, आणि त्याचं कारण मी शोधून काढलंय. पुण्यात अबोला धरणं सोपं असतं. घरात सासू असते, नणंद असते, निदान वरच्या मजल्यावरच्या काकू तरी असतात. "सांगा त्यांना, पानं वाढलीत" म्हटलं की निरोप पोचतो. इथे फ्लॅटमध्ये माणसं दोन. निरोप न्यायचा कुणी?

*

आमचंच घ्या. बिशानला राहायला आलो त्या पहिल्याच महिन्यात मी अबोला धरला. कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही. मग मी कुकरशी बोलायला लागले. "कुकरराव, तांदूळ संपलेत, येताना कुणी आणले तर बरं होईल."

हे लॅपटॉपमधून डोकं वर न काढता विचारायचे, "कुकर, पाच किलो की दहा?"

शेवटी एकदा ह्यांनी कुकरलाच विचारलं, "तुमच्या बाईसाहेब आमच्या हातचा चहा घेतील का?" मला हसू फुटलं आणि सगळं मुसळ केरात! अबोला म्हणजे असाच असतो, असं मला वाटायचं. शलाकाचा बघितला आणि माझं हसू आटलं.

*

शलाका आणि नंदन मरीन परेडला राहायचे. तो बुओना व्हिस्टाला एका आयटी कंपनीत. ती दातांची डॉक्टर, पण तिच्या डिग्रीवर इथे प्रॅक्टिस करता येत नव्हती. कोथरूडचा दवाखाना मैत्रिणीवर सोपवून ती दोन वर्षांच्या बोलीवर आली होती.

दोन वर्षं संपत आली, तेव्हा नंदन एका संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाला, "बॉसला हो सांगून आलो. अजून तीन वर्षं."

"मला विचारलंस?" एवढंच ती म्हणाली.

"त्यात विचारायचं काय?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

*

मग निरोपांची जबाबदारी आली त्यांच्या आठ वर्षांच्या इरावर आणि तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीवर. "डॅडी, मम्मी से मिल्क फिनिश ऑलरेडी." "मम्मी, डॅडी से ही बाय." मम्मी म्हणते दूध संपलं, डॅडी म्हणतो मी आणतो, असं पोचवत दिवसभर पोरीच्या या सोफ्यावरून त्या खुर्चीकडे फेऱ्या.

एका रविवारी ती हाताची घडी घालून हॉलच्या मधोमध उभी राहिली. "टुडे आय ऑन लीव्ह, लाह. यू बोथ सो निअर, व्हाय कॅनॉट टॉक?"

शलाकाने हे मला हसत हसत सांगितलं आणि सांगता सांगताच रडायला लागली.

*

आमच्याकडे सगळे जेवायला जमले होते, तेव्हा शलाका कोथिंबीर निवडायच्या निमित्ताने माझ्यामागे ओट्याशी आली. "वहिनी, रविवारचं तिकीट काढलंय. माझं आणि इराचं. वन-वे."

"नंदनला माहितेय?"

"इराने सांगितलं असेल."

मी ओट्याकडून वळून कॅलेंडर बघितलं. कारण त्याच्या आदल्या शुक्रवारी त्यांच्या लग्नाला दहा वर्षं होत होती आणि आम्ही ग्रुपने मिळून त्यांच्यासाठी एका भारी रेस्टॉरंटमध्ये खिडकीजवळचं टेबल बुक केलं होतं. नंदनचा फोन आला, "वहिनी, कॅन्सल करा. समोरासमोर बसून आम्ही करणार काय?"

"जेवा," मी म्हटलं. मी पडले हट्टी. "बोलायला नसेल उघडायचं, तर तोंड खायला तरी उघडेल."

*

शुक्रवारी इरा आमच्याकडे होती. चित्र रंगवता रंगवता तिने विचारलं, "आंटी, देअर हू विल टेल?" तिथे निरोप कोण नेणार? मी तिच्यापुढे रंगांची पेटी सरकवली. फोन पालथा घातला, तरी लक्ष सगळं तिकडेच.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, पण जुळतं तंतोतंत.

उंचावरचा मजला, खाली समुद्रातल्या जहाजांचे दिवे, टेबलावर मेणबत्ती. वेटरचं नाव डेसमंड. नंदन त्याला इंग्रजीत म्हणाला, "मॅडमना विचारा, पाणी साधं की सोड्याचं?"

मॅडम हातभर अंतरावर! डेसमंडने नंदनकडे पाहिलं, शलाकाकडे पाहिलं आणि अदबीने वाकून विचारलं, "मॅडम, सर विचारताहेत, पाणी साधं की सोड्याचं?"

"सरांना सांगा, साधं."

असे तीन कोर्स गेले. चौथ्याला नंदन पहिला घास घेणार तोच शलाका घाईने म्हणाली, "डेसमंड, सरांना थांबवा. यात कोळंबी आहे. त्यांचा घसा सुजतो." डेसमंडने प्लेट उचलली. नंदनने हातातला काटा हळूच खाली ठेवला.

पाचव्याला त्याने विचारलं, "मॅडमना विचारा, रविवारचं तिकीट रिटर्न आहे का?"

डेसमंडने विचारलं.

"सरांना सांगा, तीन वर्षांचं मलाही कुणी विचारलं नव्हतं."

डेसमंडने तेही पोचवलं. सहावा कोर्स आला तसाच परत गेला.

सातवं होतं गोड. डेसमंड बशा मांडून मागे सरकणार, तेवढ्यात नंदन म्हणाला, "एक मिनिट. मॅडमना विचारा..." त्याने बशी बाजूला सारली. "विचारा, इथे राहायचं की परत जायचं? त्या म्हणतील तसं. सोमवारी मी बॉसला तेच सांगेन."

डेसमंड शलाकाकडे वळला, वाकला. तिने हात वर करून त्याला थांबवलं आणि नंदनकडे पाहिलं.

"मला विचार ना."