माणसांचं अ‍ॅव्हरेज

गाडी लिटरला किती पळते ते आपण विचारतो ना, तसं मी कॉलेजच्या लॅबमध्ये खेळाडूंचं अ‍ॅव्हरेज काढतो. ट्रेडमिलवर तोंडाला मास्क लावायचा आणि ठरलेल्या स्पीडला कोणाला किती ऑक्सिजन लागतो ते बघायचं. कमी लागला तो शहाणा. मास्क लावल्यावर बोलायला बंदी असते, म्हणूनच बहुधा किस्से लई साचतात.

यंदा सगळ्यांचा जीव एका यादीत अडकला होता. राज्याच्या कॅम्पला आमची एकच मुलगी जाणार होती. करमाडची सुनीता पुढं होती, पण पळताना तिचा डावा हात कमरेला चिकटलेला. आमचे कोच जाधव सर म्हणजे स्टाईलचे भक्त. त्यांनी सांगून टाकलं, "अशानं निम्मी ताकद वाया जाते. हात सुटा कर, नायतर कॅम्प विसर."

*

इम्रान आमचा सायकलिंगचा राजा. एकदा हौसेनं ट्रेडमिलवर चढला आणि पाच मिनिटांत हातानं 'बंद करा' म्हणून खुणा करायला लागला. मास्क काढल्यावर पहिलं वाक्य, "भाई, मशीन खराब है."

मी म्हणालो, "मशीन बरोबर आहे. सायकलवर तू स्कूटर आहेस, उतरलास की ट्रक." त्या दिवसापासून तो लॅबमध्ये सायकल घेऊनच येतो.

*

देशमुख काका साठीतले, हाफ मॅरेथॉन पळतात. त्यांचे आकडे मधूनच उसळायचे. दोनदा मशीन तपासलं. मग कळलं, लॅबमध्ये कोणी आलं की काका पळता पळता दोन्ही हात जोडून वाकायचे!

"माणूस दारात आल्यावर नमस्कार नाय करायचा व्हय?" काका म्हणाले.

शेवटी दाराला चिठ्ठी लावली: 'टेस्ट चालू आहे. काकांना दिसू नका.'

*

एका रविवारी सर सगळ्यांना दौलताबादला चढायला घेऊन गेले. अर्ध्यात इम्रान पायरीवर बसला. शेजारून सीताफळांची पाटी डोक्यावर घेऊन एक मावशी वर निघाल्या. मान ताठ, एक हात पाटीला, आणि सोबतिणीशी गप्पा चालूच. थांबून म्हणाल्या, "बरं नाय का रं बाबा?"

तीन आठवडे हात सुटा ठेवून मागं पडत चाललेल्या सुनीतानं हळूच विचारलं, "सर, मावशींचा पण हात चुकतोय का?"

 खाली उतरल्यावर सर मला म्हणाले, "उद्या हिची टेस्ट लाव. दोन्ही प्रकारे."

*

सकाळी सुनीता आधी सरांच्या स्टाईलनं पळाली, मग भरपूर विश्रांती घेऊन स्वतःच्या. स्पीड तोच. मी दोन्ही कागद सरांपुढं ठेवले. हात कमरेला असताना ऑक्सिजन कमी लागला होता, आणि तोही चांगलाच कमी. सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सुनीता घाम पुसत उभी होती.

"हा हात असा कुणी शिकवला तुला?" सरांनी विचारलं.

"कुणी नाय सर. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत जायची मी. रोज उशीर व्हायचा, मग पळतच जायची."

"केवढा आहे आता भाऊ?"

"बारावीला आहे."

सरांनी यादी पुढं ओढली, तिचं नाव लिहिलं आणि वर न बघताच म्हणाले, "कॅम्पला पळताना त्याला खाली उतरवू नकोस."