हात शे!

आधीच सांगतो, मी गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा न बांधणारा माणूस. इंजिनातून आवाज आला की त्याला कारण असतं – झिजलेलं बेअरिंग, सैल पट्टा, नाहीतर मालकाची चिक्कूगिरी. माझं पोट याच आवाजांवर चालतं. सुरतेत पांडेसऱ्याला माझं गॅरेज आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन सौदा करण्याआधी इंजिन तपासायला मला घेऊन जातात.

गेल्या उन्हाळ्यात बारडोलीचे ऊसवाले पटेलकाका मला पलसाण्याला घेऊन गेले. मिलच्या मागे शेड, शेडमध्ये हिरवी विलायती गाडी... आणि शेजारी मिलचा मालक, शेठ. बघताच डोक्यात तिडीक गेली. याच गाडीच्या पंख्यात माझ्या वडिलांची, शेठकडे मिस्त्री असलेल्या आबांची, बोटं गेली होती.

आम्ही खानदेशातले, घरात अहिराणी बोलतो. इंजिनात हात घालण्याआधी आबा मोठ्यांदा ओरडायचे – "हात शे!" म्हणजे हात आत आहे, चावीला शिवू नका. त्या दिवशीही ओरडले. तरी सीटवर बसलेल्या शेठने सेल्फ मारला. वर सगळ्यांना सांगितलं, "ए पोतानी भासामां कंई बोल्यो, मने शुं समजाय?" म्हणे तो स्वतःच्या भाषेत काहीतरी बोलला, मला काय कळणार! आता आमचं 'हात शे' आणि गुजरातीतलं 'हाथ छे'... शेंबड्या पोरालाही कळेल! पण शेठचं खरं ठरलं आणि आबा हलगर्जी ठरले. तोच शिक्का कपाळी घेऊन ते वारले.

शेठने मला ओळखलं नाही. मी मनात ठरवलं, गाडी अशी नापास करायची की भंगारवालाही नाक मुरडेल. खोटं बोलायची वेळच आली नाही म्हणा. तेलाची पट्टी ओढली, तेल बोटांवर चोळलं, तर धातूचा कीस चमकत होता. म्हणजे आतली बेअरिंगं खलास. वरून मात्र पॉलिश असं, की तोंड बघून घ्या.

एकेक दोष मी पटेलकाकांना मुद्दाम मोठ्याने सांगत होतो. शेठ चिडला. पंखा किती हलतोय ते पाहायला मी हात आत घातला, तोच "एक सेल्फमां चालू थशे, जुओ!" म्हणत तो सीटवर बसलासुद्धा.

"हात शे!"

अगदी कानाजवळ, इंजिनातून. आबांचा आवाज. मी तोंड उघडलं नव्हतं, शपथेवर सांगतो. पंखा फिरलाच नाही... कारण शेठ चटका बसल्यासारखा गाडीबाहेर आला होता.

"हाथ छे, हाथ छे... कोण बोल्युं?"

"कोई नथी बोल्युं, शेठ," पटेलकाका गोंधळून म्हणाले. ते माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"अरे, ते दिवसे पण आवी ज बूम पाडेली एणे!"

त्या दिवशीही त्याने अशीच हाक दिली होती! शेठ बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली. मी समोर जाऊन उभा राहिलो. "एणे म्हणजे तुळशीराम मिस्त्रीने. मी त्यांचा मुलगा. तेव्हा समजलं होतं ना, शेठ?"

मिलचे कामगार जमले होते. "समजेलुं," तो पुटपुटला. "मोठ्याने," मी म्हटलं. त्याने पुन्हा सांगितलं. मला दया आली नाही. उलट पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

मला भास झाला म्हणावं, तर तोच शेठला कसा झाला? आणि आवाज खरा होता म्हणावं, तर पटेलकाकांना का ऐकू आला नाही? खूप डोकं लावलं. अजून उत्तर नाही.

घरी येऊन आईला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं – शेठ कसा पांढरा पडला, कसा लटपटला. भाकरी थापता थापता ती थांबली.

"मरू दे त्याले," ती म्हणाली. "आबासना आवाज कसा व्हता रे? दुखी व्हतात का?"

मी आठवून पाहिलं. आठवेना... मी सगळा वेळ शेठच्याच तोंडाकडे बघत होतो.