डावा गठ्ठा

कॅन्सरच्या दवाखान्यात तिला सगळे फोनताई म्हणायचे. एकोणीस वर्षं काम एकच, जुन्या पेशंटांच्या घरी फोन लावायचा, माणूस आहे की गेला ते विचारायचं, कार्डावर लिहायचं. इतक्या मायेने विचारायची की समोरचा रडता रडता तिलाच म्हणायचा, तुम्ही जेवलात का.

त्या सकाळी मात्र प्रश्न तिच्याच घरचा होता. धाकट्या भावाचं ऑपरेशन झालेलं, आणि बारापर्यंत त्याला सही करायची होती, शेक म्हणजे रेडिएशन घ्यायचं की नाही. त्याचं ठरलं होतं, नाही घ्यायचा. भिंतीवर मोठ्या डॉक्टरांच्या अभ्यासाचा तक्ता होता ना, नवी गोळी घेणारे पाच वर्षांनी शंभरात सत्तर जिवंत, न घेणारे पन्नास. गोळी ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी सुरू व्हायची. गोळी आहेच, तोवर घरी बसतो, भाजून घ्यायला मी काय कणीस आहे, म्हणून तो हसला.

तिला हसू येईना. काहीतरी खुपत होतं. त्या तक्त्याची कार्डं तिनेच लावलेली, गोळी लिहिलेली उजवीकडे, नसलेली डावीकडे. साडेदहाला तिने डावा गठ्ठा परत उघडला आणि ऑपरेशनपासून किती दिवसांत माणूस गेला ते कार्डाकार्डावर पाहत गेली. दोन महिन्यांत गेले. चार महिन्यांत. तीन. शंभरातली पंचवीस माणसं गोळीची वेळ यायच्या आधीच गेलेली. गोळी मिळायलाच सहा महिने जगावं लागत होतं, आणि तिने त्या बिचाऱ्यांना गोळी न घेणाऱ्यांत बसवलं होतं.

गठ्ठा छातीशी धरून ती डॉक्टरांच्या खोलीत घुसली. ते आधी वैतागले, मग स्वतःच कार्डं घेऊन बसले. दोन्हीकडचे फक्त सहा महिने पार केलेले मोजले. उजवीकडे शंभरात सत्तरच, डावीकडे उरलेल्या पंचाहत्तरांत पन्नास जिवंत, म्हणजे शंभरात सदुसष्ट.

"चूक माझी," ती म्हणाली.

"कार्डं तुम्ही लावलीत. खाली नाव माझं आहे," म्हणत ते तक्ता उतरवायला उठले.

बाराला दहा कमी. भाऊ बाकावर पेन चावत बसलेला. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मग गोळी खोटी?"

"गोळी खोटी नाही रे. आकडा फुगलेला होता. तिच्या भरवशावर शेक सोडू नकोस."

"शेक घेतला की वाचेन ना, ताई?"

एकोणीस वर्षं तिनेच विचारलं होतं, माणूस वाचेल का हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण दरवर्षी तुला फोन करणार आहे मी. तूच उचलायचास."

त्याने पेन तोंडातून काढलं आणि सही केली.