माझ्या हातचं निरंक

"तुला डॉक्टर कोणी केलं गं?"

आरोग्य केंद्रातली महिन्याची बैठक. आम्ही आशा सेविका सतरंजीवर, साहेब खुर्चीवर. त्यांनी माझा तक्ता सगळ्यांसमोर वर धरला होता. आमच्या बौद्ध वस्तीतल्या तीन बायकांच्या नावांपुढं मी लिहिलं होतं, अंगावरून रक्त जातं, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी पाहिजे. असं दिसलं तर कळवा, हे प्रशिक्षणात आम्हाला त्यांनीच सांगितलं होतं.

"बाकी सगळी गावं निरंक. हिच्याच वस्तीत कॅन्सर! आधी अंघोळी करायला शिका म्हणावं त्यांना."

काही जणी हसल्या. साहेबांनी व्हाइटनर पुढं सरकवलं. "खोड. निरंक लिही."

मी खोडलं. टेबलावर वाकून लिहिलं. निरंक. म्हणजे एकही नाही.

त्या तिघींत माझी थोरली जाऊ होती. आक्का म्हणायचे मी तिला. दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन दारात आली.

"काय म्हणले गं साहेब? कवा जायचं तपासायला?"

झालेला अपमान सांगायची मला लाज वाटली. म्हणाले, "काही न्हाई आक्का. पाळी जायचं वय हाय तुमचं. व्हतं असं."

"बराबर हाय. तू शिकलेली हायस."

आणि निंदायला गेली. माझ्या शब्दावर तिनं आठ महिने अंगावर काढले. कापडाच्या घडीवर घडी घेऊन रानात जायची. पुढं वास येऊ लागला तशी चारचौघींत बसेना.

शेवटी मी तिला नांदेडला नेलं, तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं. मग माझ्याकडं पाहिलं. "इतका उशीर का केला?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का बोलली, "मीच सांगितलं न्हाई कुणाला, बाई."

ती खोटं बोलली. माझ्यासाठी. मी ते खोटं खोडलं नाही.

पोळ्याच्या आधी ती गेली.

मृत्यूचं कारण मी लिहून नेलं. साहेब म्हणाले, "अशक्तपणा लिही. कॅन्सरचा आकडा वर गेला की आपल्यालाच विचारतात."

"न्हाई."

"काय?"

"कॅन्सरनं मेली ती. खोडायचं तर तुमच्या हातानं खोडा."

"कामावरून काढीन."

"काढा."

 हेच मला आधी म्हणता आलं असतं. साहेबांनी मला मारलं नव्हतं. चारजणी हसल्या होत्या, तेवढ्यानंच मी वाकले.

उरलेल्या दोघींना मी स्वतः हिंगोलीला नेलं. एकीवर आता इलाज चालू आहे. दुसरीला काही निघालं नाही. आता घरोघर फिरते. तपासणी म्हणलं की बायका लाजतात, पदर तोंडाला लावतात. तेव्हा सांगते, "माझ्या जावेला मी खोटं सांगितलं. ती मेली."

काल एका ओट्यावर हे सांगताना आक्काची लेक मागं येऊन उभी राहिली. तिला ठाऊक नव्हतं. माझ्याकडं बघत राहिली. मग पाठ फिरवून निघून गेली.

मी तिला हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारू? पुढच्या घरी गेले आणि तिथंही तेच सांगितलं. शब्द बदलला नाही. बदलणार नाही.