दुसऱ्याच्या गाडीतला सेट

आमच्या पिकअपला गाण्यांचा सेट बसवायचा हट्ट माझा होता, आणि तो काढून टाकायचा हट्ट यांचा. त्या पावसाळ्यात आमच्या घरात भांडायला दुसरा विषयच नव्हता.

पोलादाच्या प्लांटातून रिटायर झाल्यावर यांनी एक जुनी पिकअप घेतली आणि दुकानोदुकानी थंड पाण्याचे जार पोचवायला लागले. यांच्या छातीचं ऑपरेशन झाल्यापासून मी यांना एकटं सोडत नाही, शेजारच्या सीटवर बसून जाते. आमच्या स्मृती नगरातल्या बायका हसतात. हसोत बापड्या. पण हा माणूस गाडी चालवताना एक अक्षर बोलत नाही, आणि मला गप्प बसवत नाही. म्हटलं, गाणी तरी ऐकू. डॅशबोर्डात सेटच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्यात लपवलेल्या यांच्या तंबाखू-खर्र्याच्या पुड्या. त्या मी आधी फेकल्या.

खुर्सीपार वस्तीतल्या एका इलेक्ट्रिकवाल्याने सेट बसवून दिला. सेट जुनाच, भंगारात गेलेल्या कुठल्याशा गाडीतून काढलेला. त्याने दारांची अस्तरं उघडून स्पीकर लावले, डॅशबोर्डामागे हात घालून वायरी जोडल्या. "ये पीला वाला सीधा बैटरी से," तो म्हणाला. "गाडी बंद, तो भी इसकी याददाश्त चालू." मी म्हटलं, चला, गाडीत एकाची तरी शाबूत राहील.

माझ्या मोबाइलमधली गाणी सेटवर लावत सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मग एकदा माझा मोबाइल घरी राहिला. खुर्सीपारच्या एका अरुंद गल्लीत किराणा दुकानापुढे गाडी उभी करून हे जार उतरवत होते, इंजिन चालूच होतं. सेटवर निळा दिवा लागला. आतली बाई इंग्रजीत "कनेक्टेड" म्हणाली आणि कोणीतरी गायला लागलं.

आवाज बाईचा होता. मागे सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज. गाणं भुलाबाईचं, आमच्या भंडाऱ्याकडे पोरी म्हणतात तसलं. खुर्सीपारच्या रस्त्यावर मराठी ऐकू येणंच मुश्कील, आणि हे तर थेट माझ्या माहेरचं. मी सेटला बोटही लावलं नव्हतं. गाडी गल्लीतून निघाली तसं गाणं मध्येच तुटलं.

त्यानंतर मी मुद्दाम मोबाइल बंद ठेवायला लागले. पलीकडच्या रुआबांधा वस्तीत काही नाही, घरापाशी काही नाही. त्याच दुकानापुढे गेलं की तीच बाई, तेच सूप. यांनी ऐकलं तेव्हा हातातला जार निसटता निसटता राहिला.

"काढून टाकतो हा डबा," हे म्हणाले.

"कावून?"

"कोनीतरी बसून हाय याच्यात."

अख्खी नोकरी भट्टीपुढे काढलेला माणूस डब्याला घाबरला! भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणून मी हसले. खरं सांगते, हसताना मलाही भीती वाटत होती.

इलेक्ट्रिकवाल्याकडे गेलो. त्याने दोन बटणं दाबून पाहिली. "पुराने मालिक का मोबाइल जुड़ रहा है. मिटा दूँ?" हे म्हणाले, मिटा. मी विचारलं, जुना मालक कोण? "वो तो एक्सीडेंट में खतम हो गया, आंटी," तो म्हणाला.

मग मोबाइल कोणाजवळ आहे? मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, रहने दो. गाणारी कोण हे कळल्याशिवाय मला झोप लागली नसती. हे घरी येईपर्यंत माझ्यावर धुमसत होते.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे गाणं सुरू झालं आणि मी यांना गाडी हलवू दिली नाही. समोरच्या घराचं दार उघडलं. माझ्याच वयाची एक बाई बाहेर आली. तिच्या हातात मोबाइल होता आणि त्याला चार्जरची वायर लोंबत होती.

"कोन हाय जी गाडीत?" तिने मराठीतच विचारलं. "याच्यावर गाडीची निशानी येते. मी भाईर येईपर्यंत गाडी निंगून जाते."

मोबाइल तिच्या पोराचा होता. अपघातात गेला तो. "उघडत नाही हा. याचं कुलूप त्यालेच माहीत. एकदा बंद पडला तं मंग काहीच लागन नाही म्हन्ते. म्हनून मी बंद पडू देत नाही."

मी सरकून तिला शेजारी बसवलं. तिने क्षणभर ऐकलं आणि दचकून मागे सरली. "हे तं मी हाय," ती म्हणाली. पोराने मोबाइलमध्ये कधी भरून घेतलं, तिला पत्ताच नव्हता. आम्हीही गाणं शेवटपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. सुपाचा आवाज थांबला आणि अगदी जवळून एक तरणा आवाज आला, "माय, थांबू नको व. अजून म्हन."

ती रडली नाही. पोराचा ताप पाहावा तसा तिने दारातल्या स्पीकरवर तळहात ठेवला. मला मात्र रडू आवरेना. हे बाहेर खांद्यावर जार घेऊन तसेच उभे होते.

"राहू दे सेट," परतताना हे एवढंच बोलले.

मग रोजचंच झालं. ती येऊन बसायची, ऐकायची, जायची. माझ्या मोबाइलमध्ये भरून देते, म्हटलं, केव्हाही ऐक. "नको व बाई. घरात वाजला तं मी घराभाईर निंगनच नाही."

दिवाळीच्या आधी वादळाने वस्तीतली लाइट गेली, ती दुसऱ्या दिवशीही आली नव्हती. आम्ही पोचलो तर निळा दिवा लागला नाही. सेट मुका. ती नेहमीसारखी आली. मोबाइलची काच काळी होती. दार ओढून ती बसली, स्पीकरवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मी यांच्याकडे पाहिलं. हे स्टिअरिंगकडे पाहत होते. इंजिनाच्या घरघरीशिवाय गाडीत काही नव्हतं, आणि ती मान डोलावत होती. गाणं संपायला लागतो तेवढा वेळ ती बसली. मग डोळे उघडून खाली उतरली.

"आज आवाज बरा साफ आला," ती म्हणाली. "वायर बदलली का भाऊ?"

"हो," हे म्हणाले. "नवी टाकली."