चौथीची सातवी

तीन फासे टाकले आणि माझी बुद्धी सात आली.

"सातच?"

"पण ताकद सतरा हाय की, मावशी," शिवानंद म्हणाला.

समोर सोललेल्या कांद्यांची पाटी होती. ताकद आहे हे कळायला मला फासे लागत नव्हते.

मी तेव्हा सोलापुरात मुलांच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाकाला होते. अकरा वर्षं झाली होती. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. शिवानंद अक्कलकोटचा, इंजिनिअरिंगला होता. त्याच्या अमेरिकेतल्या चुलतभावाने एका खेळाची टाईप केलेली पानं पाठवली होती. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने मनाने एक माणूस तयार करायचा आणि सगळ्यांनी मिळून राक्षसाच्या भुयारात शिरायचं. दुपारी जेवणं उरकली की चार जण मेसच्या टेबलावर खेळत. त्या दिवशी एक जण गावी गेला होता, म्हणून मला बसवलं.

माणसाला ताकद, बुद्धी, चपळाई असे गुण असतात. एकेका गुणासाठी तीन फासे टाकून बेरीज लिहायची. मग त्याचा धंदा ठरवायचा. पण प्रत्येक धंद्याला अट असते.

"मला मांत्रिक करा," मी म्हणाले. दिवसभर पातेली उचलायची आणि खेळात परत तलवार उचलायची, हे कुणी सांगितलंय?

"जमत न्हाय. मांत्रिकाला बुद्धी धा लागती."

"धा दिल्यावर माझ्याकडं काय उरतंय?"

"द्यायचे न्हाईत, मावशी. नुसते असायला पायजेत."

"घ्यायचे न्हाईत, मग मागता कशाला?"

मला काही कळेना. मला वाटलं होतं, हे रेशनच्या साखरेसारखं असेल. महिन्याची उचलली की संपली. शिवानंदने डोकं खाजवलं.

"आमी मेसचा पास दाखवतो. तुमी ठेवून घेता का?"

"न्हाई."

"तसंच. पास असला की जेवायचं. पण पुढं कदी बुद्धी धाच्या खाली गेली, तर मंत्र बंद. पास हरवल्यावानी."

हे थोडं समजलं. पण माझे सातच होते. सतरा ताकद असलेल्या बाईला तीन आकड्यांसाठी अडवणं मला पटेना. तेव्हा त्याने पानं उलटून वाट काढली. ताकदीतले दोन सोडले तर बुद्धीत एक मिळतो. मला तीन हवे होते. सहा सोडले. ताकद राहिली अकरा.

"बगा हां. हे मात्र गेले. परत न्हाईत," तो म्हणाला.

"जाऊ द्या की."

मांत्रिक झाले. भुयारात शिरलो तर पहिलंच दार दगडी. ते ढकलायला ताकद तेरा लागत होती. तेवढी कुणाकडेच नव्हती. तिघेही माझ्याकडे बघायला लागले. राक्षस न बघताच आम्ही परत आलो.

त्याच आठवड्यात रेक्टरसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. हेडकुक नोकरी सोडून गेल्यापासून त्याचं काम मीच करत होते. ती जागा मला मिळेल असं मी धरून चालले होते.

"बाई, संस्थेची ऑर्डर आहे. हेडकुक सातवी पास हवा. तुम्ही?"

"चौथी."

"मग बाहेरचा माणूस घ्यावा लागेल."

म्हणजे कालपर्यंत मी चालवलेल्या चुलीवर उद्या दुसरा कुणी येणार आणि मी त्याला कांदे चिरून देणार. मला राग आला. रागात तोंडातून खेळच निघाला.

"साहेब, माजी अकरा वर्सं हायेत. त्यातल्या दोन-दोन वर्सांची एकेक इयत्ता धरा. चौथीची सातवी हुती."

"हा कुठला नियम?"

"पोरांच्या खेळातला."

साहेब हसतील असं वाटलं होतं. त्यांनी शिवानंदला पानं घेऊन बोलावलं. बराच वेळ वाचलं. मग मलाच विचारलं, "म्हणजे हे दहा द्यायचे नाहीत?"

मी त्यांना मेसच्या पासाचं सांगितलं. त्यांना कितपत कळलं कोण जाणे. पण त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं, की दोन वर्षांचा अनुभव एका इयत्तेच्या बदल्यात धरावा. महिन्याभराने मंजुरी आली. मी हेडकुक झाले. त्या दिवशी पोरांना शिरा केला.

पुढे पावसाळ्यात मेसमागची क्वार्टर रिकामी झाली. मी रोज कुंभारीहून पहिल्या बसने येत होते. क्वार्टर नोकरीच्या वर्षांप्रमाणे मिळायची. माझ्याबरोबर भाकरी थापणाऱ्या गंगूची आठ वर्षं झाली होती, माझं बारावं चालू होतं. मी ऑफिसात गेले.

"गंगूबाई आठ, तुम्ही पाच," साहेब म्हणाले.

"पाच कशी? अकरा पुरी झाली की."

"त्यातली सहा तुम्ही सातवीला दिलीत. पत्रात तसंच आहे. नियम तुमचाच, बाई."

मी म्हणाले, पास दाखवला म्हणून कुणी ठेवून घेतं का? ते म्हणाले, तुम्ही पास दाखवला नाहीत, तुमच्याकडे तो नव्हताच. तुम्ही बदली केलीत. मी दारात उभी राहून विचार केला. त्यांचं चुकत होतं असं वाटत होतं, पण कुठे ते सापडेना.

मेसमध्ये येऊन शिवानंदला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"दगडी दार, मावशी," एवढंच म्हणाला.

गंगू क्वार्टरमध्ये राहायला गेली. सामान हलवायला मीच हात लावला, ताकद होतीच. कुणी अट सांगितली, तर ती नुसती दाखवायची आहे की तिच्यासाठी काही मोडून द्यायचं आहे, हे हो म्हणायच्या आधी विचारावं. मी पुढची नऊ वर्षं हेडकुक होते, आणि नऊही वर्षं कुंभारीहून पहिल्या बसनेच आले.