पदराआडचं पोर

डहाणू-तलासरी एसटीत, चिकूच्या वाडीत कामाला जाणारी एक बाई रोज माझ्या शेजारी बसायची. मांडीवर वर्षाचं पोर. माझं पोट दिसू लागलं, तशी ती पोराच्या तोंडावर पदर ओढू लागली.

"ऊन लागतं का गं त्याला?" मी विचारलं.

"नाय बाई, तुम्ही पोटुशी ना, म्हणून झाकते. जन्मापासून मोतीबिंदू आहे त्याला, ऐकायला पण येत नाय. तिसऱ्या महिन्यात मला ताप येऊन अंगभर लाल पुरळ उठलेलं, त्यानं झालं, असं डॉक्टर म्हणाले. पण बायका बघून घाबरतात."

मी शाळेत विज्ञान शिकवते. बघितल्यानं काही होत नाही, काढ तो पदर, एवढं म्हणायला माझं काय जात होतं?

पोरानं आतून पदर ओढला. तिनं तो पुन्हा नीट केला, आणि मला हायसं वाटलं.